जाळीपोटाचा फोटो

म्हैस आजारी पडली, की घरात ते सगळ्यांत आधी चहाला कळतं. माझ्या मामाचं गाव कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यात. तिथं चहा मुळात दुधातच करतात. पाणी आपलं रीत म्हणून घालतात. या दिवाळीला गेलो, तर कपाच्या तळाशी छापलेलं फूल चहातून स्वच्छ दिसत होतं. मी मामीकडं पाहिलं. मामी म्हणाली, "बघतोस काय? सुंदरीनं दूध चोरलंय."

सुंदरी ही मामाची मुऱ्हा म्हैस. हरियाणातून आणलेली, त्यामुळं पहिले काही महिने मामा तिच्याशी हिंदीत बोलायचा. ती दावणीला पाठीला बाक काढून, पुढच्या पायांची कोपरं अंगापासून फाकवून उभी होती. वैरणीला तोंड नाही, रवंथ बंद, आणि खाली बसताना कण्हणं. गावात जनावरांचा डॉक्टर एक, पण निदानं घरटी दोन. कुणी म्हणे नजर लागली. कुणी म्हणे उसाचं वाडं जास्त झालं. एकानं एरंडेल सांगितलं, दुसऱ्यानं ताकातून हिंग, तिसऱ्यानं खायचा सोडा. मामा सगळ्यांचं ऐकून घेत होता आणि सुंदरीला सगळ्यांचं प्यावं लागत होतं. तिसऱ्याचा सोडा पोटात गेल्यावर मात्र तिनं शेजाऱ्यांच्या दिशेनं शेपूट अशी काही फिरवली, की पुढचे सल्लागार अंगणाबाहेरूनच बोलू लागले.

मग डॉक्टरसाहेबांना बोलावलं. त्यांनी ताप पाहिला, डोळे पाहिले, कोटीपोटावर मूठ दाबून पाहिली आणि विचारलं, "घरात बांबू आहे का?"

मामाचा चेहरा उतरला. "मारू नका साहेब. आधीच आजारी हाय ती."

मारायचं नव्हतं. बांबू म्हशीच्या छातीखालून आडवा घालायचा, दोघांनी दोन टोकं धरायची आणि हळूहळू वर उचलायचा. आत काही टोचत असलं, तर दाब आल्यावर जनावर कण्हतं. डॉक्टरसाहेबांनी म्हशीच्या गळ्याला स्टेथोस्कोप लावला. एका टोकाला मामा, दुसऱ्या टोकाला मी. उचलला. कण्हल्याचा आवाज आला. डॉक्टरसाहेबांनी कानातल्या नळ्या काढून माझ्याकडं पाहिलं. "पुण्याचे पाहुणे, जरा गप राहता का? मला म्हशीचं ऐकायचंय."

माझ्या जागी मामाचा धाकटा मुलगा आला. तो आठवीत आहे. या खेपेला फक्त म्हैस कण्हली. मग साहेबांनी तिच्या खांद्यावरची कातडी मुठीत धरून चिमटा काढला. निरोगी जनावर अशा वेळी पाठ खाली दबवतं. सुंदरी तसूभर हलली नाही. साहेब हात धुऊन म्हणाले, "पोटात लोखंड गेलंय. तार, नाहीतर खिळा."

"आमच्यात लोखंड कुठनं येणार?" असं घरातली सहाही माणसं एकदम म्हणाली. त्यांच्या पाठीमागं मामाच्या नव्या घराचं बांधकाम चालू होतं. स्लॅबच्या सळ्या बांधून उरलेल्या बाइंडिंग तारेचे तुकडे अंगणभर पसरले होते. त्या तुकड्यांवर वैरणीची गंजी होती आणि गंजीशेजारी कडबाकुट्टी. म्हणजे तार चुकून लांब राहिली असती, तर तिचे घासाएवढे तुकडे करायची सोयही घरचीच होती.

माणूस एका पोटासाठी काय काय करतो, हे आपण जाणतोच. म्हशीला चार कप्पे सांभाळायचे असतात. पहिलं कोटीपोट, ज्यात शंभर-दीडशे लिटर माल सहज मावतो. मग जाळीपोट, मग पडदेपोट आणि शेवटी ते खरं पोट. वरच्या जबड्याला पुढचे दात नसतात. जिभेचा वेढा घालून वैरण ओढायची, चावल्यासारखं करून गिळायची आणि खरं चावणं मागाहून, सावलीत बसून, दिवसातले सहा-सात तास. या व्यवस्थेत घास पारखायला वेळच नसतो. गवत, दोरी, पिशवी, सगळं एका रांगेत आत. त्यातला हलका माल रवंथीला परत वर येतो, पण लोखंड जड असल्यानं ते थेट जाळीपोटात जाऊन बसतं. जाळीपोटाच्या पुढं छातीचा पडदा आणि पडद्यापलीकडं हृदय. जाळीपोट आकसलं, की तार पुढं. पुन्हा आकसलं, की आणखी पुढं.

"हृदयापर्यंत अंतर किती असतंय?" मामानं विचारलं.

साहेबांनी हाताची चार बोटं दाखवली. मग त्यातलं एक मिटलं.

ते म्हणाले, ऑपरेशन करून तार काढू. पण मामा तयार होईना. साहेब गेल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "बांबूनं कुठं रोग कळतोय व्हय? बांबू आपल्याच बांधावरचा. मी त्याला लहानपणापासनं वळखतो."

मुद्दा बिनतोड होता. बांबू फुकट होता, दोन मिनिटांत काम झालं होतं आणि वीजही लागली नव्हती. अशा तपासणीवर कोण विश्वास ठेवणार? मामाला फोटो पाहिजे होता. जिल्ह्याच्या गावी जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात सोनोग्राफी होते, हे कळल्यावर त्याच्या जिवात जीव आला. मला इंग्रजी येतं, म्हणून मलाही बरोबर घेतलं. दिवसभरात त्या इंग्रजीचा उपयोग मशीनवरचा 'ऑन' हा शब्द वाचण्यापुरता झाला.

निघताना मामीनं मला हळूच गाठलं. तीन वर्षांपूर्वी गौरीच्या सणात तिच्या उजव्या कानातली कुडी हरवली होती. तेव्हापासून तिचा संशय धाकट्या जावेवर. दोघी एकाच चुलीवर स्वयंपाक करतात, पण एकमेकींशी बोलतात ते मांजराकडं बघून. "फोटूत सगळं दिसतंय न्हवं?" मामी म्हणाली. "मग कुडीबी बघ म्हणावं. मोत्याची हाय. उजवी."

म्हैस 'छोटा हत्ती'मध्ये चढवायची, हे वाक्य कागदावर जितकं विचित्र दिसतं, तितकंच ते रस्त्यावर दिसतं. मागं उसाच्या पाचटाचा ढीग रचला, पुढून दोघांनी वेसण ओढली, मागून चौघांनी रेटलं. सुंदरीनं आधी डावा पाय वर ठेवला, विचार केला आणि तो माझ्या पायावर ठेवला. पुढचा प्रवास मी ड्रायव्हरशेजारी चप्पल हातात घेऊन केला.

दवाखान्यात रांग होती. पुढं एक शेळीवाला, त्याच्यापुढं स्वेटर घातलेलं कुत्रं. वेळ जाईना म्हणून मी फोनवर सोनोग्राफीचा इतिहास वाचत बसलो. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या एका कारखान्यात जाऊन, लोखंडातल्या भेगा शोधायचं यंत्र माणसाच्या शरीरातून काढलेल्या गाठींवर लावून पाहिलं. तीन वर्षांनी त्यांचा गाजलेला निबंध 'लॅन्सेट'मध्ये आला. म्हणजे लोखंडातला दोष शोधायला निघालेलं यंत्र माणसाकडं वळलं आणि आता म्हशीच्या पोटातलं लोखंड शोधायला परत आलं होतं. कारखान्यात गाठींशी तुलना करायला गोमांसाचा एक मोठा तुकडा वापरला होता, हेही तिथं होतं. ते मी मामाला सांगितलं नाही. तो सुंदरीच्या कपाळावर कुंकू लावत होता.

आमचा नंबर लागला. डॉक्टर मॅडम वयानं तरुण होत्या. त्यांनी सुंदरीला खोड्यात घेतलं आणि डाव्या कोपराच्या मागं, सहाव्या-सातव्या बरगडीपाशी, छातीच्या अगदी तळाला, साबण लावून केस काढायला सुरुवात केली. मामा कौतुकानं बघत होता. त्याची स्वतःची दाढी पंधरवड्याची होती. नवं ब्लेड निघालं, तेव्हा त्याचा हात नकळत गालाकडं गेला.

माणसाच्या पोटाच्या सोनोग्राफीला तांब्याभर पाणी पाजतात आणि लघवी धरून ठेवा म्हणतात. सुंदरीनं नियमाचा उत्तरार्ध तेवढा उलटा पाळला. मॅडम खाली उकिडव्या बसल्या होत्या. त्या सरावानं डाव्या अंगाला सरकल्या. मी सरावाचा नसल्यानं उजवीकडं सरकलो. त्यानंतर मला शेपूट धरायचं काम मिळालं. म्हणजे आता मला आणखी काही व्हायचं बाकी नव्हतं.

केस काढलेल्या जागी थंडगार जेल ओतलं. सुंदरीच्या कातडीवरून एक लाट गळ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत गेली. मॅडमनी प्रोब टेकवला. "साडेतीन मेगाहर्ट्झ," त्या म्हणाल्या. म्हणजे सेकंदाला पस्तीस लाख कंपनं. माणसाच्या कानाला वीस हजारांच्या वरचं ऐकू येत नाही. मामाला मामीचं त्याच्या पुष्कळ आतलंही ऐकू येत नाही, पण तो वेगळा आजार आहे.

उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून मॅडमनी मोठा टॉवेल डोक्यावर घेऊन यंत्रावर ओढला. मामानं टॉवेलात डोकं घातलं. शेपूट एका हातात ठेवून मीही घातलं. मग आत चौथं डोकं आल्याचं जाणवलं. तो शेळीवाला होता. त्याची तपासणी कधीच संपली होती. तो फक्त बघायला थांबला होता.

"हे काय?" शेळीवाल्यानं विचारलं.

"प्लीहा."

"आणि ती पांढरी रेघ?"

"छातीचा पडदा. त्याच्या मागं हा अर्धचंद्र दिसतो का? तेच जाळीपोट."

मामा टॉवेलातच हात जोडून उभा राहिला.

मॅडम मनापासून समजावत होत्या. गाईच्या जाळीपोटाची सोनोग्राफी कशी करायची, हे झुरिच विद्यापीठाच्या उएली ब्राउन यांनी १९९०च्या दशकात नीट बसवून दिलं. त्यावर मामाची शंका तयार होती: "ती गाईची झाली. म्हशीचं काय?" मॅडम म्हणाल्या, म्हशींवर आपल्याकडं पंजाबात, लुधियानाच्या विद्यापीठात, पुष्कळ काम झालंय. म्हशींना गाईंपेक्षा आणखी एक दुखणं जास्त होतं: छातीचा पडदा फाटतो आणि जाळीपोट तिथून थेट छातीत शिरतं. "पण तुमच्या म्हशीचं जागेवर आहे." आपल्या म्हशीचं काहीतरी जागेवर आहे, हे ऐकून मामा सुखावला.

मग मोजणी सुरू झाली. निरोगी जनावराचं जाळीपोट मिनिटाला साधारण एकदा आकसतं. आधी अर्धवट, थोडं सैलावतं, आणि लगेच पूर्ण. मॅडमनी घड्याळ लावलं. टॉवेलात शांतता. अर्धचंद्र हलेना.

"आलं!" मामा ओरडला.

"ती म्हैस श्वास घेतेय."

"आलं!" शेळीवाला.

"तो तुमचा धक्का लागला."

माणसाला 'श्वास धरा' म्हणता येतं. म्हशीला म्हणून काय उपयोग? तरी मामानं तिला ते एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत सांगून पाहिलं. अखेर अर्धचंद्र किंचित आकसला आणि अर्ध्यातच थकून परत फिरला. मॅडमनी मान हलवली. जाळीपोट पडद्याला चिकटलं होतं, भोवती सुजेचे पांढुरके धागे आणि थोडं पाणी दिसत होतं. दुखणं तिथंच होतं.

"बरं, आणि तार?" मामानं विचारलं.

"तार दिसत नाही."

टॉवेल एकदम गरम झाला. मॅडमनी शांतपणे सांगितलं की जाळीपोटात वायू असतो आणि वायू आडवा आला की या लहरी तिथूनच माघारी फिरतात. त्यामुळं आतली तार, खिळा, चुंबक यांतलं सहसा काही दिसत नाही. तार पाहायची तर एक्स-रे. तारेनं केलेली नासधूस मात्र इथं नीट दिसते.

मामानं ते मनात घोळवलं. "म्हंजे चोर दिसत न्हाई, फोडलेलं घर तेवढं दिसतंय."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या.

"आणि मोत्याची कुडी?" मी हळूच विचारलं. मॅडमनी माझ्या कानांकडं पाहिलं. मी विषय सोडून दिला.

शेळीवाल्याचं मात्र समाधान झालं नव्हतं. बराच वेळ दाबून ठेवलेला प्रश्न त्यानं शेवटी विचारला, "मॅडम, रेडी हाय का टोणगा?"

"अहो, ती गाभण नाही. आपण पोट बघतोय."

"व्हय, पण असली तर?"

माणसांच्या सोनोग्राफी केंद्राबाहेर १९९४च्या कायद्याची पाटी असते, त्यामुळं तिथं हा प्रश्न लोक मनातल्या मनात विचारतात. इथं पाटी नव्हती. मुलगा व्हावा म्हणून जोतिबाला खेटे घालणारा माणूस गोठ्यात आला, की रेडीच व्हावी म्हणून त्याच जोतिबाला नारळ बोलतो. देवाला बिचाऱ्याला प्रत्येक वेळी नवस घराचा की गोठ्याचा, हे तपासून घ्यावं लागत असणार. शेळीवाल्यालाही घरी नात झाली होती, असं त्यानं जाता जाता सांगितलं. तेव्हा त्यानं मॅडमकडं न बघता शेळीकडं बघितलं.

मॅडमनी प्रोब आणखी पुढं सरकवून हृदयाभोवती पाणी नाही, याची खात्री केली. वेळेत आलात, म्हणाल्या. आता थांबू नका. हातात चकचकीत कागदावरचा फोटो मिळाला. करड्या रंगावर काळा रंग आणि त्यावर पांढरी धूळ. मामानं तो पिशवीत सातबाराच्या उताऱ्याशेजारी ठेवला.

गावात त्या फोटोचं जे झालं, ते पाहण्यासारखं होतं. चावडीपासून दूधसंस्थेपर्यंत तो हातोहात फिरला आणि ज्याच्या हाती गेला, त्याला त्यात काहीतरी दिसलं. संस्थेच्या सेक्रेटरीला तार दिसली. न्हाव्याला दोन दिसल्या. सरपंचांनी चष्मा लावून, फोटो उलटा धरून सांगितलं, "इथं खिळा हाय. साडेतीन इंची." जी तार मशीनला दिसली नव्हती, ती दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गावानं पाहिली.

डॉक्टरसाहेबही आले. त्यांनी फोटो बघितला. "मी बांबूनं हेच सांगितलं होतं."

"व्हय साहेब," मामा म्हणाला. "पण बांबूचा फोटू कुठं हाय?"

ऑपरेशन दोन दिवसांनी झालं. म्हैस उभीच, डाव्या कुशीला भूल देऊन कोटीपोट उघडलं, आतली वैरण उपसली आणि मग साहेबांनी खांद्यापर्यंत हात घालून पुढं जाळीपोट चाचपायला सुरुवात केली. ते डोळे मिटून चाचपत होते आणि घरातले सगळे डोळे फाडून बघत होते. एकेक वस्तू बाहेर येऊन घमेल्यात पडू लागली. बाइंडिंग तारेचे दोन तुकडे, त्यातला एक जाळीपोटाच्या भिंतीत रुतलेला, टोकाला गंज न चढता उलट चकाकी आलेला. छत्रीची मोडकी काडी. एक दोन रुपयांचं नाणं. कोटीपोटातून प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा आणि नायलॉन दोरीचा नारळाएवढा गोळा. एक बोल्ट.

"हा माझ्या मोटारसायकलीचा हाय!" धाकटा मामा आनंदानं पुढं आला. त्यानं बोल्ट धुतला आणि तिथंच गाडीला बसवला. 'आमच्यात लोखंड कुठनं येणार' म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

कुडी निघाली नाही. मामी घमेल्याशी शेवटपर्यंत उभी होती. पिशव्यांचा गोळाही तिनं काडीनं उकलून पाहिला. सुंदरी निर्दोष सुटली, आणि त्यामुळं जावेवरचा संशय, जो तीन वर्षांत जरा सैल पडत आला होता, तो वैद्यकीय पुराव्यानिशी पक्का झाला. मांजराकडं बघून बोलणंही त्या दिवशी बंद झालं. मांजर काही दिवस चुलीपाशी गोंधळून फिरत होतं.

टाके घालण्याआधी साहेबांनी जाळीपोटात बोटभर लांबीचं एक चुंबक सोडलं. ते तिथंच जन्मभर राहतं. पुढं कधी तार-खिळा गिळला, तर तो चुंबकाला चिकटून पडतो, भिंतीत रुतत नाही. चुंबक आहे की नाही, हे बघायला पोट उघडावं लागत नाही; होकायंत्र छातीशी धरलं की सुई फिरते. ही तपासणीही फुकट असल्यानं मामानं ती फारशी मनावर घेतली नाही. आठवडाभरात सुंदरी रवंथ करू लागली आणि मामीनं चहात पाणी घालणं रीतीपुरतं आणलं.

मी परत निघायच्या आदल्या दिवशी नव्या घराची वास्तू बघायला शहरातून एक वास्तुतज्ज्ञ आले. पांढरे कपडे, हातात पितळी होकायंत्र. अंगणात ऊन होतं, म्हणून ते गोठ्याच्या सावलीत, अगदी सुंदरीला खेटून उभे राहिले आणि त्यांनी होकायंत्र पोटाशी धरलं. सुई गर्रकन फिरली आणि सुंदरीच्या कोपराकडं तोंड करून थांबली. तज्ज्ञांनी डोळे बारीक केले. दोन पावलं पुढं गेले, सुई हलली. मागं आले, पुन्हा सुंदरीकडं.

"फार मोठा दोष आहे," ते म्हणाले. "तुमची उत्तर दिशा सरकलेली आहे. स्वयंपाकघराची भिंत पाडून पलीकडं घ्यावी लागेल."

मामानं गवंड्याला हाक मारली. गवंडी म्हणाला, स्लॅबचा तो कोपरा फोडायचा तर सळ्या नव्यानं बांधायला लागतील. तारेचं एक बंडल आणावं लागंल.

मी मामाला गोठ्यामागं ओढलं आणि सांगितलं, "मामा, ती उत्तर नाही. ते सुंदरीच्या पोटातलं चुंबक आहे. त्यांना म्हशीपासून जरा लांब उभं करून बघ."

मामानं एकदा सुंदरीकडं पाहिलं, एकदा तज्ज्ञांकडं.

"गप बस," तो म्हणाला. "चुंबकाला दोनशे रुपये पडले. ह्यांना पाच हजार दिल्यात. मग खरं कोण सांगत असंल?"